दोन मिनिटं दहा सेकंद

मला घाई फार. समोरचा वाक्य सुरू करतो आणि मी ते संपवते. नवऱ्याची वाक्यं मी इतकी वर्षं संपवत आले आहे की आता तो बिचारा सुरूच करत नाही. शाळेत माझ्या पाठीमागे मला 'एक्सप्रेस' म्हणतात. हे नाव मुलांनी नाही, स्टाफरूमनं ठेवलंय, हेही मला ठाऊक आहे.

मी राहते महाडला आणि भूगोल शिकवते पोलादपूरच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत. सकाळी एसटी पकडायची, पाऊण तास खिडकीत डुलकी काढायची, आणि उतरून मुकाट नववीच्या वर्गात शिरायचं. मुकाट मी नव्हे, वर्ग. डोंगरातल्या वाड्यांवरून तास-दीड तास चालत येणारी ही मुलं मधल्या सुट्टीत शाळा डोक्यावर घेतात. पण फळ्यासमोर प्रश्न विचारला की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. एखादा उठला तर "बाई, पानी... नाय, पाणी..." एवढं म्हणेपर्यंत मी त्याचं "नाय" दुरुस्त केलेलं असे, "पानी" दुरुस्त केलेलं असे, आणि त्याचं उत्तरही देऊन टाकलेलं असे. वर स्टाफरूममध्ये येऊन तक्रार मीच करायची, की पोरं बोलत नाहीत हो.

तिसऱ्या बाकावर खिडकीकडे एक मुलगी बसायची. आठवीपासून माझ्या वर्गात होती. हजेरीला "उपस्थित" म्हणायची, तेही ओठांतल्या ओठांत. पेपर चांगला लिहायची. पण वर्षभरात तिनं तोंडी एक उत्तर दिलं असेल तर शपथ. उभं केलं की ती बाकाच्या कडेवर बोट फिरवत राहायची. मी मनात तीनपर्यंत मोजायचे आणि पुढच्याला विचारायचे. तीनच्या पुढे मला धीर नाही.

त्या वर्षी जूनमध्ये मी वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. तसे शाळांचे ग्रुप सगळीकडे असतात. सुट्टीच्या सूचना आणि गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात यांनी भरलेले. माझा नियम वेगळा होता. रविवारी मी एक प्रश्न टाकायचा आणि मुलांनी बोलून उत्तर पाठवायचं. लिहायचं नाही. बोलताना नाय म्हणा, हाय म्हणा, मी भाषा दुरुस्त करणार नाही. फोन मुलांचे नव्हतेच. कुणाच्या आईचा, कुणाच्या काकाचा, कुणाच्या शेजारणीचा. एका फोनवरून तीन-तीन मुलं बोलत, म्हणून मी अजून एक शिस्त लावली होती: आधी नमस्कार, मग नाव, गाव, वाडी, इयत्ता, हजेरी क्रमांक, विषय, आणि मग उत्तर. परिपाठाला भाषण करतात तसं.

आणि पोरं बोलू लागली की! मागे कोंबड्या, पत्र्यावरचा पाऊस, कुणाची तरी आई "मोठ्यानं बोल गो" म्हणतेय, पण बोलत होती. फोनवर मला त्यांचं वाक्य मधेच तोडता येत नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण होतं. ते मला फार पुढे कळलं. तेव्हा मला फक्त माझी कल्पना किती भारी आहे एवढंच दिसत होतं. मी एक तक्ता केला. उभ्या रकान्यात मुलांची नावं, आडव्यात रविवार. जो बोलला त्याच्यापुढे लाल पेनानं बरोबरची खूण. तक्ता स्टाफरूमच्या भिंतीवर लावला, मुख्याध्यापक सरांना रोज दिसेल असा. जुलैच्या मध्यापर्यंत तक्ता लाल झाला होता. एकच ओळ कोरी राहिली होती, तिसऱ्या बाकावरच्या मुलीची. ती कोरी ओळ मला दाताखाली खडा यावा तशी खुपायची.

त्या रविवारचा प्रश्न होता बाह्यप्रक्रियांवरचा. "तुमच्या घराजवळची जमीन बघा. पाऊस तिचं काय करतोय ते सांगा."

चार दिवस पाऊस उघडला नव्हता. सावित्री नदी फुगली होती, आणि महाडमध्ये आम्ही खालच्या मजल्यावरचे लोक अशा वेळी करतो तशी मी सकाळपासून अंथरुणं, धान्याचे डबे, कागदपत्रं माळ्यावर चढवत होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास ओट्याशी उभी राहून वाटण वाटायला घेतलं. फोन मिक्सरशेजारीच ठेवलेला. तो वाजला. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचा आवाज आला होता, तिच्या आजोबांच्या फोनवरून.

मी ओले हात पदराला पुसून तो लावला. बारीक, एका सुरातला आवाज. "नमस्कार बाई." मग नाव. गाव. वाडी. इयत्ता नववी. हजेरी क्रमांक. विषय भूगोल. मागे वारा भणाणत होता.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. वर्ष उलटून गेलं होतं! मी आवाज तिथेच थांबवला, मिक्सर एका हातानं चालू केला, दुसऱ्या हातानं फोन तोंडाशी धरला आणि म्हणाले, "अगदी बरोबर! शाब्बास गं! अस्संच बोलत जा." पाठवून दिलं. वर्गातली सगळी पोरं ऐकतील, तिलाही हुरूप येईल. मग वाटण काढलं, आमटीला फोडणी दिली. तिच्या ओळीत खूण करायची म्हणून लाल पेन पर्समध्ये आहे ना, तेही बघून ठेवलं. तिचं पुढचं बोलणं निवांत ऐकू म्हटलं आणि विसरले.

सोमवारी सकाळी आठ वाजता मुख्याध्यापक सरांचा फोन आला. अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी होती, म्हणून मी निवांत चहा घेत होते.

"बाई, तुम्ही काय सांगितलंत त्या लोकांना?" सर म्हणाले.

"कुठल्या लोकांना?"

"अख्खी वाडी खाली उतरलीये. कालपासून आपल्या दोन वर्गखोल्यांत बिऱ्हाडं आहेत. म्हातारी माणसं, तान्ही पोरं. विचारलं तर म्हणतात, शाळेतल्या बाईंनी सांगितलं दरड येणार."

मी सांगितलं? मी सरांचंही वाक्य संपवायला गेले, पण मला ते कसं संपतंय हेच कळेना. "येते," म्हणाले आणि फोन ठेवला.

महामार्ग चालू होता, एसटी उशिरा का होईना निघाली. गाडीत पाच-सहा माणसं. मी खिडकी लावून घेतली, कानात वायर घातली आणि ग्रुप उघडला. तिचा आवाज होता दोन मिनिटं दहा सेकंदांचा. मी ऐकले होते पहिले वीस सेकंद.

पुढचं असं होतं. "आमच्या वाडीत रेंज नाय. वरच्या अंगाला मोठा दगड हाय, तिथं रेंज येते. म्हणून मी दर रविवारी तुमचा प्रश्न ऐकायला दगडापाशी जाते. पण मला बोलाया जमत नव्हतं म्हणून परत येत होते. गेल्या रविवारी दगडाच्या खाली जमिनीला भेग दिसली. लांब हाय. आमच्या गोठ्याच्या मागनं पार आंब्यापातूर. मी त्यात बोटं घातली, तीन बोटं गेली. बुधवारी बघितलं तं चार. आज मूठ गेली, बाई. आंबा पण वाकडा झालाय, आधी सरळ होता. आणि झऱ्याचं पाणी तांबडं येतंय, काल दुपारी तं मधेच बंद झालं, मंग परत आलं. पुस्तकात विस्तृत झीज दिलीय ना, उतारावरची जमीन सरकते ती, ती हीच हाय का? आजोबा म्हणतात, पावसाळ्यात जमीन उलतेच, भेगा पडतातच. मला भीती वाटते. तुमी सांगा. बाई, मी दगडावर थांबलीय. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते."

त्याच्याखाली माझा आवाज. चार सेकंद. मागे मिक्सर. अगदी बरोबर, शाब्बास गं.

कंडक्टरनं तिकीट विचारलं ते मला दोनदा ऐकूच आलं नाही. त्या पोरीला मी भर पावसात त्या दगडावर उभं केलं होतं, दर रविवारी, माझ्या तक्त्यासाठी. आणि ती बोलली तेव्हा मी वाटण वाटत होते. आमच्या भागात डोंगर उतरून घरांवर आल्याच्या आठवणी कुणाला सांगाव्या लागत नाहीत. भूगोलाच्या बाईला तर नाहीच नाही. पाठ शिकवताना दरडीची लक्षणं मीच फळ्यावर लिहून दिली होती.

शाळेच्या व्हरांड्यात ओली लुगडी, चादरी वाळत घातल्या होत्या. नववीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून मधे चुली नव्हेत पण स्टोव्ह पेटले होते. सगळी मिळून नऊ घरं. तिचे आजोबा दाराशी बसले होते. वाडीच्या बैठकीत त्यांचा शब्द चाले. मला बघून उठले आणि हात जोडले.

"बाई, पोर म्हणली, बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणल्या बरोबर हाय. म्हणून उतरलो. नायतर पोरीच्या जातीचं कोण ऐकतो?"

ती मागे उभी होती, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. माझ्याकडे बघत होती. मी खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण बाहेर पाऊस कोसळत होता, माणसं सुरक्षित होती, आणि कशामुळे का होईना, उतरली होती. मी म्हणाले, "बरं केलंत." आणि मोठ्या शहाणपणाचा आव आणून मुलांची चौकशी करू लागले.

दुपारी तलाठी येऊन गेले. वाटेवरच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पूर होता, वर जाता येईना. त्यांनी खालूनच पाहिलं, लिहून घेतलं, जिल्ह्याहून जाणकार येऊन बघेपर्यंत कुणी वर राहू नये असं बजावलं. जाणकार कधी येणार ते रस्त्यांवर अवलंबून होतं.

आणि मंगळवारी पाऊस थांबला. थांबला म्हणजे कसा, चक्क ऊन पडलं. डोंगर धुतल्यासारखे हिरवेगार, समोर. वाडीही दिसत होती, कौलं चमकत होती, सगळं जागच्या जागी. मला त्या उन्हाचा राग आला. पाऊस असता तर माणसं आपोआप थांबली असती.

बुधवारी सकाळी मी पोचले तर वर्गात बांधाबांध चालली होती. मुलीचे वडील सगळ्यांत पुढे होते. ते बिरवाडीला खोली घेऊन राहत आणि औद्योगिक वसाहतीत कामाला जात. लावणीसाठी रजा टाकून आलेले, आणि रजेचे दिवस शाळेच्या खोलीत चाललेले. रोपं पिवळी पडायला लागली होती. गुरं वरच होती, त्यांना चारायला आणि धार काढायला दोघं-तिघं चोरून जाऊन येत होते आणि येऊन सांगत होते, काही झालेलं नाय.

"किती दिस हितं बसायचं?" वडील माझ्यापुढे उभे राहून म्हणाले. आवाज चढलेला होता, पण उद्धट नव्हता. "ऊन पडलंय. बाई, तुमी सांगितलंत म्हणून आमी उतरलो. आता तुमीच सांगा, चढू का नको?"

बाकीची माणसंही जमली. त्या दोन खोल्यांतला प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता. आजोबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला आणि, कशासाठी कोण जाणे, कदाचित मला माझ्याच शब्दाची आठवण द्यावी म्हणून, माझा आवाज लावला. अगदी बरोबर, शाब्बास गं, अस्संच बोलत जा. मिक्सरची घरघर. त्या खोलीत ती एवढी मोठी वाटली की कुणी तरी विचारेल हा आवाज कसला, असं मला झालं.

"आमचं एवढंच म्हणणं हाय," वडील म्हणाले. "तुमी तिचं सगळं नीट ऐकून हे बोललात ना?"

आयुष्यात मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. नाही म्हणाले असते तर अर्ध्या तासात नऊ घरं डोंगर चढली असती. बाईंनी न ऐकताच बडबड केली, एवढंच निघालं असतं. हो म्हणाले तर खोटं. आणि हे खोटं किती दिवस पुरणार होतं? उद्या पुन्हा ऊन पडलं की परवा त्यांनी ऐकलं नसतंच. माझ्या शब्दाला काही पायाच नव्हता. पाया होता तिच्या बोटांना.

"ऐकलंय," मी म्हणाले. ते आज खरं होतं आणि रविवारी खोटं. "पण मी महाडला राहते. मी भेग बघितलेली नाही. बघितलीये तिनं. तिलाच विचारा. बसा सगळे."

का कोण जाणे, पण बसले. भिंतीकडेची बाकं ओढून माणसं बसली, गुडघे बाकांत मावेनात तरी बसली. मी खडू तिच्या हातात दिला आणि तिला फळ्यापुढे उभं केलं.

ती गप्प.

फळ्याच्या कडेवर बोट फिरवू लागली. एक, दोन, तीन, माझं मोजून झालं. मला तिचं उत्तर पाठ होतं, सेकंदासकट. मी ते तिच्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं, नकाशा काढून. जिभेच्या टोकाशी आलेलं वाक्य मी दातांनी धरून ठेवलं. वडील बाकात चुळबुळले. कुणी तरी मागून म्हणालं, "सोड ना, पोर हाय ती." एक बाई उठून स्टोव्हकडे गेली. ही बोलली नाही तर हे सगळे उठतील, आणि उठले की चढतील, आणि दोष माझा असेल. तरी मी बोलले नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला तो शाळेच्या अख्ख्या तासाएवढा वाटला.

मग तिनं फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. "हा आपला गोठा," ती म्हणाली. आवाज बारीक, पण ऐकू येत होता. "हा आंबा. हा रेंजचा दगड. भेग ही अशी." रेघ सगळ्या घरांच्या मागून गेली. "गेल्या रविवारी तीन बोटं गेली. बुधवारी चार. ह्या रविवारी मूठ. आजोबा, तुमी म्हणता पावसात जमीन उलते. पण उलते ती उन्हाळ्यात, पाणी नसतं तवा. ही पाण्यात उललीय."

आजोबांनी मान वर केली. "मूठ तुजी का माजी?"

"माजी. मनगटापातूर."

"आणि झरा बंद झालेला?"

"शनिवारी. मी हंडा लावून बसलेली. बंद झाला, परत आला तो तांबडा."

आजोबा पहिल्यांदाच मुलाकडे वळून म्हणाले, "झरा माझ्या बापानं बांधला. साठ वर्षांत कधी बंद नाय झाला." मग म्हणाले, "गुरं आजच खाली आणा. माणूस कोण चढणार नाय."

बांधलेलं गाठोडं वडिलांनी पायानं भिंतीकडे सरकवलं.

गुरं संध्याकाळपर्यंत आली. मुलीच्या घरची एक म्हैस तेवढी आली नाही. गाभण होती, उतारावर पाय टाकेना. म्हणून गुरुवारी पहाट उजाडल्यावर वडील कुणाला न सांगता तिला आणायला गेले. हे मला शाळेत पोचल्यावर कळलं. पुन्हा पाऊस धरला होता. परिपाठाची वेळ, सुट्टी संपलेली, खालच्या गावातली मुलं आली होती आणि आम्ही सगळे व्हरांड्यात दाटीवाटीनं उभे होतो.

आवाज आधी आला. मला वाटलं महामार्गावर मोठा ट्रक उलटला. मग तो थांबेचना. समोरचा डोंगर हलला, म्हणजे त्याचा एक तुकडा सरकला, झाडं उभीच्या उभी खाली निघाली, आणि मग सगळं तांबडं झालं. कौलं दिसेनाशी झाली. मुलं ओरडत होती की बायका, मला कळलं नाही.

ती माझ्या शेजारीच उभी होती. ओरडली नाही. "बाबा," एवढंच म्हणाली आणि चिखलात धावत सुटली. दोघा शिक्षकांनी तिला फाटकाशी अडवलं. पुढचा अर्धा तास आम्ही त्या वाटेकडे बघत काढला. आजोबा भिंतीला टेकून बसले होते, ओठ हलत होते. मी तिचा हात धरला होता.

वडील आले ते वाटेनं नाही, पऱ्याच्या काठानं आले. म्हशीचा कासरा हातात, कमरेपर्यंत चिखल. म्हैस चालेना म्हणून त्यांनी तिला वाट सोडून पऱ्याच्या बाजूनं आणलं होतं, आणि तेवढ्यानं वाचले. फाटकातून आत आले, मुलीपुढे उभे राहिले. काही तरी बोलायचं होतं त्यांना, पण दात वाजत होते. तिनं त्यांच्या हातातून कासरा घेतला आणि म्हशीला शाळेच्या चिंचेला बांधलं.

नऊपैकी सहा घरं गेली. माणूस एकही नाही.

नंतरचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. ही गोष्ट पसरली तशी ती मुलीची राहिली नाही, माझी झाली. महाडला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं. विषय: समाजमाध्यमांच्या वापरातून विद्यार्थ्यांचा वर्गातील सहभाग वाढवणे. मी पडद्यावर माझा लाल तक्ता दाखवला. तिच्या ओळीतली ती एकुलती एक खूणही दाखवली. तिचा आवाज ऐकवला, पण पहिले वीस सेकंदच. पुढचं ऐकवायचं धाडस झालं नाही. माझं उत्तर मी ऐकवलंच नाही. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. घरी आले तर ती शाल कपाटात ठेवताना हाताला चटका बसल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. वर्ग रिकामा होता. बाकं परत ओळीत लावली होती, तिची रेघ फळ्यावरून केव्हाच पुसली गेली होती. वाडी आता खाली पत्र्याच्या खोल्यांत राहत होती आणि तिला शाळा दहा मिनिटांवर आली होती.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "त्या रविवारी तू आवाज पाठवलास ना, तेव्हा मी तो..."

माझं पुढे वाक्यच होईना.

"ऐकला नव्हतात," ती म्हणाली.

मी खांद्यावरची पर्स बाकावर ठेवली.

"मी पाठवला चार बावन्नला. तुमचं उत्तर आलं तेपण चार बावन्नला. माजं बोलणं दोन मिनिटं दहा सेकंद हाय. दुप्पट वेगानं लावलं तरी बसत नाय, बाई. मी दगडावर बसून करून बघितलं."

"मग आजोबांना का सांगितलंस, बाईंनी सगळं ऐकलं म्हणून?"

ती बाकाच्या कडेवर बोट फिरवू लागली. मी मोजलं नाही.

"माजं त्यांनी सगळं ऐकलं होतं," ती म्हणाली. "तीन दिस मी तेच सांगत होते. ऐकून पण कोणी उठलं नाय. तुमी न ऐकता बोललात तरी सगळी वाडी उठली."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. तिनं ते भेगेचं माप सांगावं तसं सांगितलं. तिला अजून काही म्हणायचं असेल असं मला वाटलं, म्हणून मी काही न बोलता तिच्यासमोर उभी राहिले.